चार कुळांचा डाव

रोज सकाळी कामावर निघताना काका मोज्यांची जोडी माझ्यासमोर धरायचा आणि विचारायचा, "जमलीय का?" जमली नसेल तर मी आत जाऊन दुसरा मोजा शोधून आणायचे. घरात ही त्याची थट्टा समजली जायची. लाल आणि हिरवा रंग त्याला जन्मापासून सारखेच दिसतात, हे फक्त मला ठाऊक होतं.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होता. यंत्रावर दोन दिवे. लाल लागला असताना हात आत घालायचा नाही. वरचा लाल, खालचा हिरवा, एवढ्या आधारावर त्याने एकवीस वर्षं काढली होती. हे कुणाला कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी त्याला यंत्रावरून उतरवलं असतं.

कॉलेजात असताना मी पत्त्यांचा एक वेगळा कॅट आणला. त्यात बदाम-किलवर नव्हते. ड्रॅगनांची चार कुळं होती, लाल, हिरवं, पिवळं, निळं. चित्र मात्र सगळ्यांचं एकच. उतारी ज्या कुळाची, तेच कूळ सगळ्यांनी टाकायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याचा हात. ते कूळ नसेल तर हुकमाच्या कुळाने कापायचं. जादूगाराचं पान कुठल्याही ड्रॅगनला भारी, पण त्याच हातात कुणी ड्रॅगनच्या पिल्लाचं पान टाकलं की जादूगाराचं काही चालत नाही, हात पिल्लाचा. आणि आपण किती हात करणार ते आधीच बोलायचं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

काकाला या खेळाने वेड लावलं. पण लाल उतारीवर तो बिनदिक्कत हिरवं पान टाकायचा आणि आई हसून म्हणायची, "भाऊजी, लक्ष कुठंय?" शेवटी एका दुपारी मी सुई घेतली. लाल पानांच्या कोपऱ्यात एक टोचा, हिरव्यांच्या दोन. अंगठा फिरवला की त्याला कूळ कळायचं. त्यानंतर तो सुरेख खेळायला लागला.

एका रविवारी त्याचे मुकादम घरी आले. काका, आई, मी आणि ते, असे चौघं बसलो. मुकादम पाच हात बोलले होते, चार झाले होते. शेवटच्या हाताला त्यांनी मोठ्या थाटात जादूगार टाकला. काकाने हळूच त्यावर पिल्लू ठेवलं. मुकादम हसले, पानं गोळा करून पिसायला लागले आणि मध्येच थांबले. एक पान त्यांनी उजेडासमोर धरलं.

"उस्ताद, ही भोकं कसली?"

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी पानांकडे पाहत राहिले. मी पाडली म्हणाले असते, तर 'कशाला' असं त्यांनी विचारलंच असतं. म्हणून गप्प बसले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याहून लहान होतं. मुकादमांची ती नजर माझ्याकडे वळू नये, एवढंच मला वाटत होतं.

"मीच पाडलीत," काका म्हणाला. "जिंकायची हौस, दुसरं काय."

"वा. आम्ही इकडे हात मोजतोय, आणि उस्ताद पानांची नाडी बघताहेत."

आई मान खाली घालून कपबशा उचलायला लागली.

कारखान्यात मग ते कायमचं चिकटलं. जेवणाच्या सुट्टीत काका आला की कुणीतरी म्हणायचं, उस्ताद आले, पानं झाका. तोही त्यांच्यासोबत हसायचा, असं मुकादमांनीच आईला सांगितलं. यंत्र मात्र त्याच्याकडेच राहिलं, निवृत्त होईपर्यंत. कॅट पुन्हा बाहेर निघाला नाही. त्या रविवारनंतरच्याच आठवड्यात काकाने काळ्या मोज्यांच्या सहा जोड्या आणल्या, आणि सकाळी मला काही विचारायची गरज उरली नाही.

तो शेवटचा आजारी होता तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसून म्हटलं, ती भोकं माझी होती, मी बोलायला हवं होतं. हे वाक्य मी दहा वर्षं जुळवत आले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आत आई चहा करत होती. त्यानंतर त्याला झोप लागली, आणि पहाटे तो गेला. पण झोपण्याआधी तो एवढंच म्हणाला, "वहिनींना सांग, चहात साखर जरा कमी घाला म्हणावं."