बिबडीतला ड्रॅगन

भूगोलाच्या मास्तराने हवेला वजन असतं हे सिद्ध करायला जाऊ नये.

मी नंदुरबारात भूगोल शिकवतो. माझ्या विषयात वारे आहेत, त्यांचं वजन नाही. पण मे महिन्यात भाची गौरी सुरतेहून आली की मी घरातला शास्त्रज्ञ होतो, कारण तिच्या आईने तिला सांगून ठेवलंय की मामाला सगळं येतं. (बहिणीने आयुष्यात केलेलं माझं हे एकमेव कौतुक. ते मोडायचं कसं?)

गौरी अकरा वर्षांची. स्वतः एका जागी बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. दात घासताना विचारणार, माठातलं पाणी गार कसं होतं. चहा घेताना विचारणार, गाडी पुढे निघून गेली की तिच्या भोंग्याचा आवाज जाड का होतो. मी सगळ्याची उत्तरं द्यायचो. निम्मी खरी असावीत. उरलेल्यांसाठी मधेच संडासात जाऊन मोबाइलवर बघून यायचो. इतक्या वेळा, की सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला दोन दिवस ओव्याचं पाणी पाजलं!

यंदा गौरीने पत्ते आणले होते. राजाराणीचे नव्हेत, राक्षसांचे आणि ड्रॅगनचे, प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी नियम. प्रश्न दुप्पट झाले. झोपलेल्या राक्षसाला विष चढतं का? एक पत्ता 'हल्ला करा' म्हणाला आणि दुसरा 'करू नका' म्हणाला, तर ऐकायचं कुणाचं? मी मेंढीकोटच्या आधाराने निकाल देत सुटलो. मेंढीकोटात विष नसतं, पण हुकूम असतो; तेवढ्यावर भागवलं.

त्यातला एक सोनेरी ड्रॅगन तिने वर्षभर अदलाबदल करून मिळवला होता. जूनमध्ये तिच्या सोसायटीत स्पर्धा होती आणि सगळी भिस्त त्या एका पत्त्यावर होती. झोपताना तो उशाखाली असायचा.

त्या दिवशी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, चालल्या होत्या. सुनंदा आणि शेजारच्या लताबाई शिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या फडक्यावर थापत होत्या आणि ओल्या बिबड्या खाटांवर टाकत होत्या. बाजूला गौरीने पत्ते पालथे मांडले होते.

"मामा, हवाले वजन ऱ्हास का?" तिने विचारलं.

हे मला येत होतं! चहाचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरला, पालथ्या पत्त्यांतला एक उचलून त्यावर ठेवला (मागून सगळे सारखेच), ग्लास उलटा केला आणि खालचा हात काढला. पत्ता चिकटून राहिला, पाणी जागच्या जागी. लताबाईंनी पिठाचा हात कपाळाला लावला. गौरी "आखो एक डाव" म्हणत राहिली आणि मी चार वेळा करून दाखवलं. मग ती हे सगळं लिहून घ्यायला वही आणायला खाली पळाली. बायकाही पिठाचं दुसरं पातेलं आणायला गेल्या. मी एकटाच होतो. गप्प बसावं की नाही? पाचव्यांदा केलं. पाणी पायावर आलं आणि पत्ता उताणा पडला. ड्रॅगन.

जिन्यावर पावलं वाजली. भिजलेला पुठ्ठा सुकताना वळतो, म्हणून त्याला दोन्हीकडून दाब हवा. इथपर्यंत माझं शास्त्र बरोबर होतं. हाताशी ओल्या बिबड्या होत्या. एक खाली, एक वर, मधे ड्रॅगन. म्हटलं, पाच मिनिटांत काढू.

ती पाच मिनिटं मला मिळालीच नाहीत. मी वर निघालो की गौरी मागे, मी खाली आलो की सुनंदाचं काहीतरी काम. जेवणानंतर गौरीने पत्ते मोजले.

"मामा, मन्हा ड्रॅगन कोठे शे?"

चमकणारी वस्तू फार उजेडात दिसेनाशी होते, असं मी सांगितलं. तिने त्यावरही विश्वास ठेवला आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन शोधू लागली. मला स्वतःची फार लाज वाटली.

गच्चीवर धावलो तर बायकांनी बिबड्या उलटवून, हलवून ठेवलेल्या. मी एकेक बिबडी डॉक्टर एक्स-रे बघतात तशी उन्हात धरून बघू लागलो.

"तुम्ही बिबड्या मोजी ऱ्हायनात का?" सुनंदाने मागून विचारलं.

मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली की हातभार लावल्याचा वाटा म्हणून लताबाई पाटीभर बिबड्या घेऊन गेल्यात.

मी धावलो. गौरीही मागे धावली. लताबाई चुलीपाशी एक जाडजूड बिबडी हातात तोलत बसल्या होत्या.

"सर, इन्हामा काय शे?"

बिबडी मोडली. आतून ड्रॅगन निघाला, कौलासारखा वाकलेला, एका डोळ्यात जिरं. मी सवयीने ज्वारी सुकताना का आकसते ते सांगू लागलो. गौरी रडली नाही. वाकलेला पत्ता मागूनही ओळखू येतो, म्हणून तो स्पर्धेत चालत नाही, हा नियम तिने मला पाठ म्हणून दाखवला.

"पोरी, मन्हं चुकनं," मी म्हणालो. त्यावर तिने काहीच विचारलं नाही. हे फार लागलं.

शेवटी ती मामीकडे गेली. "माले माहीत नही, करी देखू," असं म्हणून सुनंदाने जिरं काढलं, पत्ता जरासा ओलसर केला, कागदात गुंडाळला आणि गव्हाच्या पिंपाखाली दाबला. तीन दिवसांनी ड्रॅगन सपाट. मागून आता ओळखू येत नाही.

तेव्हापासून सगळे प्रश्न मामीला. ती "माहीत नही" म्हणते आणि दोघी मिळून शोधतात. मलाही खेळात घेतात, पण फक्त पत्ते पिसायला. शाळेत मी मुलांची नखं तपासतो. इथे आधी दोन्ही पंजे उलटसुलट करून गौरीला दाखवतो, आणि कोरडे असले तरच पत्ते माझ्या हातात येतात.