शिरूरच्या पाळकांना एक विचारायचं होतं

माझा धाकटा भाऊ सुधीर सीमेवर मारला गेला, त्याला पाच वर्षं झाली. शेवटच्या रजेत दौंडच्या चर्चमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. प्रभुभोजनाची भाकर वाटली जाण्याआधी तो हळूच म्हणाला, "ताई, माझ्या हातनं माणूस मेलाय. घेऊ का?" अयोग्यपणे घेऊ नये, एवढंच संडे स्कूलमध्ये पाठ झालेलं. मी म्हणाले, "मन साफ नसेल तर नको." त्याने भाकरीचं ताट तसंच पुढे दिलं.

ते पाहून, तिथल्या पाळकांनीच त्याला अडवलं असणार, असं आईने धरलं आणि चर्च सोडलं. मी गप्प राहिले. पाळकांची पुढे शिरूरला बदली झाली. यंदा तिथल्या हंगामाच्या सणाचं निमित्त करून निघाले.

शनिवारी पुण्याहून दौंडची गाडी धरली. बसायला जागा मिळाली. सुधीरच्या कबरेवर फुलं ठेवून रेल्वे कॉलनीत आईकडे राहिले.

"त्या माणसाच्या सणाला चाललीस व्हय?" आई म्हणाली. "जा. मला कशाला सांगतीस?"

सकाळी वडापची जीप. पंधरा रुपये, आणि ड्रायव्हरचं एकच पालुपद, "अजून तीन शीट आल्याबिगर गाडी हलत न्हाई." पुढे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. जाणाऱ्यांनी तासभर जादा हाताशी ठेवावा. मी पोचले तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं.

या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एका आबांची मेथी निघाली, तशी मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, कॅनॉल फोडून भिजवलेली मेथी देवाला चालती व्हय?"

"देव सातबारा मागत न्हाई. तू बोली लाव!"

सगळे हसले.  मिरवणूक संपल्यासारखी गर्दी पांगली, तेव्हा पाळक एकटे सापडले. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मला वाटलं, त्याने स्वतःहूनच नाकारलं," ते म्हणाले. "ते जेवण लायक माणसांसाठी नसतं, बाई. असतं, तर मला वाढता आलं नसतं."

"म्हणजे मी चुकले?"

"हो." ते म्हणाले, "मीही. त्या सगळ्या उन्हाळ्यात मी पुलपिटावरून प्रार्थनेत आपल्या सैन्याचा विजय मागत होतो. त्याच्या हातांनी केलं, ते मीच मागितलेलं. तरी मी माझा घास घेतला आणि त्याचं ताट पुढे गेलेलं पाहून गप्प बसलो."

"आता त्याचं काय?"

"मला ठाऊक नाही. पण देव माझ्यापेक्षा दयाळू आहे, यावर माझा भरवसा आहे. आईंना खरं सांगा."

शिरूरहून पुण्याला थेट एसटी आहे. तिने परतले. घरी येऊन आईला फोन लावला.

"पोचलीस? जेवलीस का?"

"आई, सुधीरला नको मी म्हणाले होते. पाळक नाही."

 "तुला विचारलं व्हतं त्यानं?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आई चर्चला गेली, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. तिने भाकर घेतली का, हे विचारायचा मला धीर झालेला नाही.