खोली काढू की!

"काका, अप्पा गेले," लातूरहून महेशचा फोन आला आणि मी नांदेडात चहा ढवळता ढवळता विचारलं, "कुठं? गच्चीवर?" माझं काय चुकलं हो! फोन केव्हाही करा, गुरुनाथअप्पा मापाचा टेप घेऊन गच्चीवरच असायचे. पलीकडं महेश रडायला लागला... तेव्हा कुठं मला कळलं.

अप्पा माझे थोरले साडू. घर लातुरात, स्टीलच्या भांड्यांचं दुकान औशात. पातेल्यात पातेलं, त्यात डबा, डब्यात वाट्या, असं रचायला बसले की अख्खं रुखवत एका पिंपात जायचं. मनात आणलं असतं तर औशाचा किल्लासुद्धा त्यांनी एखाद्या डेगीत बसवला असता, वर झाकण लावून! घराकडं बघायची नजरही तीच. खोल्या दोनच, पण 'जागा नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. "खोली काढू की!" म्हणायचे. लोक खोली बांधतात, अप्पा काढायचे, बोअरमधून पाणी काढावं तशी. जिन्याखालून शिलाई मशीनची खोली काढली. गल्लीकडची खिडकी हातभर पुढं ढकलून थोरल्या राजूला अभ्यासाची जागा काढली. येणारा-जाणारा खिडकीतून त्याची गणितं तपासून जायचा, आणि पोरगं केवळ त्यामुळं इंजिनिअर झालं हे मी शपथेवर सांगतो. माळा तर असा अडचणीचा काढला, की अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पाव्हण्यांसाठी गाद्या काढायला वर गेली आणि पाव्हणे गावी पोचल्यावर खाली उतरली.

पण एकदा मात्र मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. धाकट्या महेशचं लग्न निघालं होतं. एका खोलीत राजू नवरा-बायको, दुसरीत बाकी सगळे. महेश सरळ म्हणाला, "अप्पा, मी भाड्यानं घर बघतो. वेगळा निघतो." अप्पांनी मला गच्चीवर नेलं. आवाज पार खाली गेला होता. "साडू, पोरगं निघायच्या आधी खोली निघाली पाहिजे बघा. एकदा निघालेलं माणूस निस्तं सणाला येतंय."

खाली अंगणात पाण्याच्या टाक्या होत्या. लातूरच आहे, नळ त्याच्या मर्जीनं येणार, तेव्हा घरातली सगळ्यात ऐसपैस जागा टाक्यांची. अप्पा वरून बघत राहिले आणि एकदम ओरडले, "हे पाणी इथं तंगड्या पसरून राहिलंय, अन् माझं पोरगं भाड्यानं जायलंय!"

मग काय विचारता! लोखंडी अँगल आले, टाक्या वर चढल्या आणि खालून एक देखणी खोली निघाली. उन्हाळ्यात इतकी गार, की अक्का तिथं दूध ठेवायची तर त्याचं आइस्क्रीम व्हायचं! फक्त, पलंग आत गेला आणि दार उघडेना. मग अप्पांनी दारच फिरवलं, बाहेर उघडणारं केलं. ते पुरतं उघडलं की शेजारच्या न्हाणीच्या दाराला जाऊन भिडतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या आलं. नायगावहून मुलीचे वडील घर बघायला आले तेव्हा मी न्हाणीत होतो. बाहेरून त्यांचा आवाज आला, "अप्पा, राग मानू नका, पण पोरगी राहणार कुठं?"

"या की, दाखवतो!" म्हणत अप्पांनी थाटात दार उघडलं, आणि माझं बंद झालं. मी ढकललं. मग धक्के दिले. मग बादली वाजवली.

"आत कोण हाय?" पाव्हणे दचकले.

"आमचे साडू," अप्पा अगदी शांत. "त्यांचीबी खोली काढलीय."

"मग ते भाईर कसे येत्यात?"

"येतच न्हाईत! आमच्या घरातून कुणी भाईर निघत न्हाई!"

पाव्हणे असे हसले, असे हसले, की वरच्या टाकीचं पाणी हिंदकळून माझ्या डोक्यावर पडलं. सोयरीक तिथल्या तिथं पक्की. मला बाहेर काढायचं मात्र लोकांना चहा झाल्यावर आठवलं. महेश वेगळा निघाला नाही.

दिवाळीत शेवटचं भेटलो तेव्हा अप्पा म्हणाले, "आता तुमचा नंबर. रिटायर झाल्यावर तिकडं नांदेडात दोघंच काय करताव?"

"अप्पा, आता जागा कुठं उरली?"

"काढू की!"

...त्यानंतर महिन्याभरात दुकानातच छातीत कळ आली आणि अप्पा गेले.

परवा लातूरला जाऊन आलो. गच्चीवर पत्र्याखाली महेशची बायको सारिका तुरी पसरत होती. जमिनीवर पांढऱ्या खडूनं एक मोठा चौकोन आखलेला, मध्ये अप्पांच्या वाकड्या अक्षरात 'साडू'. अवतीभवती सगळीकडं तुरी, चौकोनात एक दाणा नाही. मी रेघ ओलांडून आत पाऊल टाकणार, तोच ती म्हणाली, "काका, भिंतीतून कुठं चाललाव? दार तिकडून हाय."

मी वळसा घालून गेलो. रेघेत दाराएवढी जागा मोकळी सोडलेली होती. आणि दार कसं उघडणार, तेही अप्पांनी खडूनं वळवून दाखवलं होतं...

या खेपेला आतल्या बाजूला.