बाबुरावांची पसंती

आम्रपालीच्या आईचा फोटो नव्हता. एकच होता, लग्नातला, तो नदीकाठच्या वस्तीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा पत्र्याच्या पेटीसकट वाहून गेला. पुढच्याच वर्षी चंपाबाई काविळीनं गेल्या. आम्रपाली तेव्हा तीन वर्षांची. त्या वयाच्या पोराला काहीतरी आठवतंच, असं लोक छातीठोकपणे सांगतात. लोकांचं काय जातं सांगायला. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

वडील, बाबुराव, मार्केट यार्डात हमाल. कांद्याची पोती वाहून त्यांनी लेकीला वाढवलं, शिकवलं. दुसरं लग्न करा म्हणून भावकीनं मागं लागून पाहिलं, पण ते बधले नाहीत. लहानपणी आम्रपाली विचारायची, "आई कशी होती?" बाबुराव डोळे मिटायचे, थोडा वेळ तसेच बसायचे आणि म्हणायचे, "हाय की. दिसती मला." पुढं काही सांगायचे नाहीत. शब्दांचा माणूस नव्हता तो. पण त्या मिटलेल्या डोळ्यांमागं आपली आई आहे, अख्खी, चेहऱ्यासकट, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं आणि त्या भरवशावर ती मोठी झाली.

मोठी झाली ती चित्रं काढत. चित्रकलेची पदविका घेतली आणि आयटीच्या लाटेत खराडीच्या एका कंपनीत लागली. मोबाइलच्या पडद्यावरची बटणं कशी दिसावीत, चिन्हं कशी असावीत, हे ठरवायचं काम. वाघोलीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि वडिलांना तिथं आणलं. तोवर तिनं तिशी ओलांडली होती आणि बाबुरावांचे गुडघे कामातून गेले होते.

पगाराचं काम ते. जिवाचं काम निराळं होतं, आणि ते बाबुरावांना कधीच नीट उमगलं नाही, म्हणून इथं जरा सांगायला हवं. व्हिज्युअल नॉव्हेल नावाचा एक खेळ असतो. खेळ म्हणायचा, पण त्यात मारामारी नाही की पळापळ नाही. पडद्यावर पात्रं येऊन उभी राहतात, बोलतात, आणि आपण वाचत, बटण दाबत पुढं जायचं. तसल्या एका जुन्या जपानी खेळाच्या प्रेमात पडलेली देशोदेशीची माणसं इंटरनेटवर एकत्र आली होती. मूळ कंपनी पुढचा भाग काढत नाही ना, मग आपणच काढू, फुकट, हौसेनं, असा त्यांचा बेत. पात्रं रंगवायची आम्रपालीनं, गोष्ट लिहायची आमोदनं. आमोद राहायचा नारायण पेठेत. जगभर शोधून दोघं निघाले पुण्याचेच!

मूळ खेळातली नायिका शाळकरी होती. पुढच्या भागात ती मोठी होऊन घरी परतते आणि आईला भेटते. आता या खेळांची एक रीत आहे. आई, बाप, मास्तर असल्या दुय्यम पात्रांना डोळे काढत नाहीत. कपाळावरचे केस खाली ओढायचे की डोळे झाकले. चित्रकाराची मेहनत वाचते. मूळ खेळातली आई तशीच होती, नुसती हनुवटी आणि तोंड.

"या आईला मी चेहरा देणार," आम्रपाली आमोदला म्हणाली.

"तीन वाक्यं आहेत तिला," आमोद म्हणाला. "त्यातलं एक 'जेवून घे' असं आहे. डोळ्यांवाचून म्हणता येतं ते."

"येत असेल. मी काढणार आहे."

"काढ बापडे. फक्त लेकीसारखी दिसू दे. नाहीतर लोक विचारतील, दत्तक घेतली का म्हणून."

मनात काय होतं ते आम्रपालीनं त्याला सांगितलं नाही. तिला चंपा काढायची होती. बाबांना दाखवत दाखवत, त्यांच्या डोळ्यांमागचा चेहरा पडद्यावर उतरवून घ्यायचा होता, ते आहेत तोवर. बाबुरावांनंतर तो चेहरा ओळखणारं कुणी उरणार नव्हतं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसली. पहिलं चित्र तिनं नायिकेवरूनच बेतलं होतं, तेच वीस वर्षांनी मोठं करून.

"बाबा, आई अशी होती?"

बाबुरावांनी पाहिलं न पाहिलं तोच मान हलवली. "न्हाई. ही कोण बया? डोळं केवढालं ते!"

आम्रपालीला हसू आलं. या खेळांत डोळे मोठेच असतात. तिनं ते लहान केले.

"न्हाई. नाक थोडं बसकं व्हतं. आन डाव्या भुवईत खूण व्हती, ल्हानपणी इळा लागल्याली."

एवढं बाबुराव तीस वर्षांत बोलले नव्हते. आम्रपालीला आनंद कुठं ठेवावा कळेना. त्यांच्या प्रत्येक 'न्हाई'तून आईचा एक तुकडा हाताला लागत होता. गाल इतके भरलेले न्हाईत. कपाळ एवढं रुंद न्हाई. ती झपाटल्यासारखी काढत राहिली.

मग तिनं ऑफिसात शिकलेली पद्धत लावली. तिथं ग्राहकाला एकच चित्र कधी दाखवत नाहीत, पर्याय दाखवतात. चपलांच्या दुकानात मांडतात तशी तिनं नाकांची रांग मांडली, भुवयांची मांडली, हनुवट्यांची मांडली. "यातलं कुठलं?" कचेरीतून आली की रोज संध्याकाळी नवं चित्र. बाबुराव आधी चटकन सांगायचे. पुढं पुढं ते पडद्याकडं वाकून बघायला लागले. मग म्हणायला लागले, "मागचं दाव की एकडाव," आणि दोन चित्रं ताडून बघत बसायचे. डोळे मिटायचे त्यांनी सोडून दिलं होतं. इथं तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण कामाच्या नादाला लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड दिसतं थोडंच!

एका संध्याकाळी बाबुरावांनी चित्राकडं बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"हीच," ते म्हणाले.

"नक्की?"

"हीच तुझी आई."

आम्रपाली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. बाबुराव तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

तिनं चित्र आमोदला पाठवलं. त्यानं कधी नव्हे ते कौतुक केलं. "सुरेख. लेकीला शोभणारी आई झाली आहे," असं त्याचं उत्तर आलं. ते वाचून तिला बरं वाटायला हवं होतं, पण मनात कुठंतरी खटकलं. तिनं नायिकेचं चित्र आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवलं. हनुवटी नायिकेची होती. डोळेही तिचेच, थोडे बारीक केलेले. आणि डावी भुवई अखंड होती. ती खूण तिनं वेगळ्या थरावर, चित्रावर पारदर्शक कागद ठेवून काढावी तशी, रंगवली होती. बदल करता करता तो थर कधीतरी बंद झाला आणि तसाच राहिला. कितीतरी चित्रं खुणेवाचून गेली होती आणि बाबुराव त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठ उल्काताई नेहमी म्हणायच्या, "ग्राहक खूश होऊन पसंती देत नाही गं, दमून देतो." सगळे हसायचे. आम्रपालीही हसायची. आता ते आठवलं तशी ती लॅपटॉप उचलून उठली.

ती बाहेरच्या खोलीत गेली. बाबुराव खिडकीशी बसले होते.

"बाबा, आईच्या भुवईत खूण होती ना?"

"व्हती."

"या चित्रात नाहीये."

"म्हाईत हाय."

"मग 'हीच' का म्हणालात?"

बाबुराव गुडघे चोळू लागले.

"पयलं चित्र दावलंस तवा ती माझ्यासमोर व्हती," ते म्हणाले. "तुझं चित्र तिच्या शेजारी धरून बघायचो. लगीच कळायचं, ही न्हाई. मग तू रोज नवी बाई दावाया लागलीस. नाकं दावलीस, हनुवट्या दावल्यास. एक दिस डोळं मिटलं तर तुझीच चित्रं म्होरं आली. ती काय येईना. लई हाका मारल्या. मग म्हनलं, आता न्हाई म्हनू तरी कशाच्या जिवावर? पोरीला तरी आई मिळू दे."

आम्रपालीनं लॅपटॉप मिटून ठेवला. ज्या चेहऱ्यासाठी तिनं हे सगळं मांडलं, तो जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि तिथून तो तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता. प्रेमानं पुसला होता, पण त्यानं काय फरक पडतो? तिला स्वतःची किळस आली.

"मी घालवली तिला," ती म्हणाली. "माझ्यामुळं गेली."

"गप. म्हातारा झालोय मी, आज ना उद्या जायचीच व्हती. एकट्यानं किती दिस धरून ठेवनार?"

पण हे म्हणताना त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. खाली नगर रस्त्यावर गाड्या वाजत होत्या.

तिकडंच बघत बाबुराव आपणहून बोलले. "गरम भाकर धरता यायची न्हाई तिला. दोन बोटांत धरून फुकत बसायची. मी हसलो की रागवायची, आन पाठ करून जेवायची."

"मग?"

"मग काय. पाठच दिसायची." त्यांनी डोळे मिटले. "ती दिसती अजून."

कशी दिसते, हे विचारायला आम्रपालीचे ओठ उघडले होते. तिनं ते मिटून घेतले, आणि बाबुराव सांगतील तेवढंच ऐकत बसून राहिली.