गिअरबॉक्समधली करवंटी
दसऱ्याला नारळ फुटला की खोबऱ्याच्या वासात मला जळक्या गिअर ऑइलचा वास येतो. साठ सालच्या सुमारास मी पनवेलात फिटर होतो. करंजाड्याकडच्या एका आंब्याच्या बागेतला जुना, छोटा ट्रॅक्टर दसऱ्यानंतर गिअरच घेईना, नुसता खरखरायचा. मालक म्हणाले, "ड्रायव्हरनेच वाट लावलीय." मी गिअरबॉक्स खोलला. तेल ताकासारखं पांढरं झालेलं, गिअरचे दोन दात तुटलेले आणि त्यांच्यात करवंटीचा तुकडा अडकलेला. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसून हळूच म्हणाला, "मी तेल ओतत होतो, मुहूर्त टळतो म्हणून मालकांनी उघड्या बॉक्सवरच नारळ फोडला. तुमी तरी सांगा, माजं ते ऐकायचे नाय." मालकांनी येऊन विचारलं, तेव्हा तुकडा माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "गिअर जोर लावून टाकलेत." ड्रायव्हरला त्यांनी तिथूनच हाकललं. जाताना तो माझ्या मुठीकडे बघत होता. पुढे बागेचं सगळं काम मलाच मिळालं. दर दसऱ्याला मालक खोबऱ्याचा प्रसाद माझ्या हातावर ठेवायचे आणि मी तो खायचो. आता घरचं खोबरंही नको म्हणतो. विचारलं तर चावत नाही असं सांगतो. खोटं अजूनही सहज जमतं.