पावेल साहेब आणि कोंबड्याच्या पिसाची माशी

त्या रविवारी मी मरोद्याच्या टँकवर, तिथल्या मोठ्या तलावावर, एकटाच जाऊन बसलो होतो... भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी तिथे फिटर होतो, आणि लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी दुर्गच्या रस्त्यावर मुरमात सायकल घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं वळेनात. अंगठा पहिल्या बोटाला टेकायचाच नाही.

ज्याला हातात नट धरता येत नाही तो कसला फिटर... कायमचं स्टोअरमध्ये बसवतील, ही धास्ती घेऊन मी फिरत होतो. बायकोजवळ, सुमनजवळ, हे बोललो नव्हतो.

टँकच्या काठावर पावेल साहेब उभे होते. आमच्या सेक्शनचे रशियन इंजिनिअर. हातात लांब लवचिक काठी, आणि तिची दोरी डोक्यावरून मागे जायची, पुढे यायची... लांबून वाटावं, माणूस कावळे हाकलतोय.

जवळ गेलो तर दोरीच्या टोकाला गळ होता, पण गळाला चारा नव्हता. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एवढीशी माशी होती. पाण्यावर किडा पडला असं वाटून मासा तिच्यावर झडप घालतो म्हणे.

"मुश्का," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "हमारे में माशी." मासा धरायला माशी, हे त्यांना समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते.

ते कामचटकाचे. तिकडे थंडगार नद्यांत ट्राउट असतात, आणि समुद्रातून नदीत चढून येणारा एक मोठा मासा असतो, स्टीलहेड. त्यांच्या हिंदीत तो झाला "लोहा सिर वाला मछली". स्टील प्लांट उभारायला आलेल्या माणसाला हाच मासा आठवावा, याची मला गंमत वाटली.

मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्यांनी तो हातात घेऊन एकेक बोट हळूच वाकवून बघितलं. "हाथ सोता है," ते म्हणाले. "जगाना पड़ेगा. कल शाम को आओ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. टेबलाच्या कडेला छोटासा वाइस लावलेला, त्यात गळ आवळलेला. गळाच्या दांडीवर लाल दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेचं पीस अडकवायचं, ते गोल फिरवायचं आणि शेवटी गाठ मारायची. त्यांनी दोन मिनिटांत एक माशी करून दाखवली.

माझ्याच्यानं दोरासुद्धा धरवेना. चार-पाच संध्याकाळी हेच चाललं. एकदा चिडून मी सगळं टेबलावर टाकून दिलं. "साहब, मुझसे नहीं होगा."

त्यांनी खाली वाकून पडलेलं पीस शोधलं, फुंकर मारली आणि परत माझ्या बोटांत दिलं... निघताना त्यांनी तो वाइसही माझ्याबरोबर दिला.

घरी सुमनने हा पसारा बघितला. तिला बाजारातून कोंबड्याची पिसं आणायला सांगितली तेव्हा म्हणाली, "लोकं कोंबडा आणतेत, अन् मी पिसं आणून राहिली." तरी आणली.

पण एक दिवस तिने समोर बसून विचारलंच. "मासे धरायची तुमाले हौस नाही. मंग कावून करून राहिले हे?"

"हातासाठी," मी म्हटलं. "हात नाही चालला तर फिटरचं काम जाईल, सुमन."

ती मग सरकून जवळ बसली. "द्या इकडं. दोऱ्याचं टोक मी धरते."

तेव्हापासून आम्ही दोघं बसायला लागलो. माझी पहिली पुरी झालेली माशी म्हणजे मोडका झाडू होता. पावेल साहेबांनी ती रविवारी अगदी गंभीरपणे आपल्या दोरीला बांधली. बऱ्याच वेळाने एक चांदीसारखी छोटी मासोळी तिला लागली.

त्यांनी हात ओला करून ती अलगद सोडवली, मला दाखवली आणि पाण्यात सोडून दिली. सुमन सोबत होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "एवढं करून सोडून देलं?"

थंडी सरत आली होती. एका सकाळी मी ड्यूटीवर जायला तयार होऊन बाहेर आलो, तर सुमन स्टोव्हजवळून माझ्याकडे बघतच राहिली.

"शर्टाची बटनं कोणं लावली?"

मी खाली बघितलं. सगळी लागलेली... कधी लावली ते मलाही आठवेना. इतके महिने रोज सकाळी तीच लावून द्यायची.

ती पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारत राहिली. स्टोव्ह चांगला पेटलेला होता.

हळूहळू मी परत पाना धरला. कायमचं स्टोअरमध्ये बसायची वेळ आली नाही. रिटायर झालो तोही फिटर म्हणूनच.

पुढच्या वर्षी पावेल साहेब मायदेशी गेले. दुर्ग स्टेशनवर त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन जोरात दाबला. मीही तेवढ्याच जोरात दाबला. मग त्यांनी दुखल्यासारखं तोंड केलं, आणि आम्ही दोघं हसलो.

मासेमारीचा नाद मला कधी लागला नाही, आणि साहेबांनी तो लावायचा प्रयत्नही केला नाही. घरापासून इतक्या लांब आलेला माणूस... कामावरून थकून यायचा, आणि माझी बोटं वळेपर्यंत शेजारी बसून राहायचा. इतकी वर्षं माझ्या घरात अन्न आलं, त्यात त्या संध्याकाळींचा वाटा आहे.