माहितगाराचं काम

बोटवाल्या काकांना कुणी चहा दिला, की ते आधी बशी उलटी करीत. कप डाव्या हातात उंच धरायचा, उजव्या हाताने बशी पालथी करून बुडावर काय छापलंय ते वाचायचं, मग नखाने कपावर टिचकी मारून कान लावायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर पहिला घोट घ्यायचा. आम्ही वसईजवळ उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात ते समोरच्या फ्लॅटमधून ओळख करून घ्यायला आले आणि आईच्या नव्याकोऱ्या कपबशीची त्यांनी अशी झडती घेतली. आईला वाटलं, बशी नीट घासलेली नाही असं त्यांना सुचवायचंय. ती कानापर्यंत लाल झाली. "खुर्जा," काकांनी निकाल दिला, "उत्तरेकडचा साधा माल, पण प्रामाणिक आहे. कपाला तडा नाही." हे कौतुक की अपमान, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली.

त्यांचं आडनाव सामंत. मूळचे मालवणकडचे. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या मालवाहू बोटींवर वीसेक वर्षं चीफ स्टुअर्ड होते, म्हणजे बोटीवरच्या जेवणाखाणाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. बोट बर्गनला नाहीतर कोपनहेगनला लागली की हे गृहस्थ जुन्या बाजारात जायचे. तिथल्या म्हाताऱ्यांच्या घरांतून निघालेल्या निळ्या नक्षीच्या पोर्सेलीनच्या बश्या, राखाडी झिलईच्या फुलदाण्या, एखाद्या कुंभाराने आपल्या स्टुडिओत एकट्याने घडवून बुडाला सही कोरलेली वाटी, असं एकेक लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून त्यांनी घरी आणलं. पुढे काकू गेल्या, मुलगा मस्कतला स्थायिक झाला, आणि दोन खोल्यांत काका आणि खोकी एवढेच उरले. बोटीवरून माणूस नुसत्या बश्या घेऊन उतरतो यावर बिल्डिंगमधल्या कुणाचाच विश्वास नव्हता. मोज्यांत आणखी काय काय असेल, याचे अंदाज जिन्यात ऐकू येत. खरं सांगायचं तर त्यातले एक-दोन माझेही होते.

काका या बाबतीत बिल्डिंगला पुरून उरत. त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. दाराला दोन कड्या, एक साखळी आणि एक कुलूप. टँकरचं पाणी ते मलमलच्या फडक्यातून गाळून घेत, कारण त्यातल्या क्षाराने बश्यांवर डाग पडतील. कळंबहून मासे घेऊन येणारी बाई त्यांच्या दाराशी पाटी उतरवायलाच तयार नसे. एकदा त्यांनी सरंगा हातात घेऊन इतक्या वेळा पालथा केला, की तिचा धीर सुटला. "ओ काका, मासा हाय तो, बशी नाय. खानार हाय का वाचनार?" सगळा जिना हसला. काकांनी शांतपणे कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाले, "खूण नसलेली वस्तू मी जास्त वेळ बघतो."

रविवारी ते गोखिवऱ्याला एका भंगारवाल्याकडे जात. मोडीत काढलेल्या बोटींचं सामान तिथे येई, त्यात कधीमधी क्रोकरीचं खोकं निघे. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. भंगारवाल्याने एका जाड तपकिरी वाटीत स्क्रू भरून ठेवले होते. काकांचा चेहरा एकदम मठ्ठ झाला, आणि तेवढ्यावरून मी ओळखलं की वाटीत काहीतरी आहे. "स्क्रू हवे होते," ते म्हणाले, "वाटीसकटच द्या, पिशवीतून सांडतील." पुढे रिक्षात त्यांनी स्क्रू माझ्या ओढणीत ओतले, वाटी पालथी केली, तिच्या बुडाला जीभ लावून पाहिली आणि डोळे मिटून घेतले. "कच्ची माती जिभेला चिकटते, ही चिकटत नाही," मला कळावं म्हणून ते म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं बिल्डिंगमध्ये कुणाचीही खुंटी निखळली की स्क्रू काकांकडे मिळे.

असा माणूस माझ्या आईपाशी मात्र जरा सैल झाला. आई साड्यांना फॉल-बीडिंग करायची. एकदा ती खिडकीत चार पांढऱ्या कापडांतून एका साडीचा फॉल निवडत होती. काकांना ते सगळे पांढरे वेगळे दिसताहेत हे तिला कळलं, आणि तिला ते वेगळे दिसताहेत हे काकांना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला निळ्या बश्यांचं खोकं उघडून दाखवलं. नक्षी हाताने रंगवलेली, आणि रंगवणाऱ्या बाईने बुडाला स्वतःची बारीकशी खूण केलेली. त्या खुणा कशा वाचायच्या ते त्यांनी आईला शिकवलं. "ही बाई घाईत होती, वहिनी. बघा, पाकळीचं टोक सुटलंय. घरी मूल आजारी असेल." आई म्हणायची, "नाहीतर सासू आली असेल." दोघं दुपारभर त्या कुठल्या कुठल्या बायकांची सुखदुःखं बोलत बसायची. जिवंत माणसांवर अजिबात विश्वास नसलेले काका त्या अनोळखी बायकांबद्दल इतक्या मायेने बोलत की मला आश्चर्य वाटे.

मग ते सात-आठ महिन्यांसाठी मुलाकडे मस्कतला गेले. जाताना किल्ली आईकडे दिली. किल्ली देताना हात तीनदा पुढे-मागे झाला, पण दिली. आई दर शुक्रवारी जाऊन खिडक्या उघडायची, केर काढायची, खोक्यांना हातही लावायची नाही.

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी खोकी उघडली आणि आईला बोलावलं. मीही मागोमाग गेले. निळ्या बश्या टेबलावर मांडलेल्या होत्या. "या पिवळ्या पडल्यात," काका म्हणाले. आईने एक उचलून खिडकीशी धरली. "नाही हो. होत्या तशाच आहेत. निळसर पांढऱ्या."

"वहिनी, पोर्सेलीन पिवळं पडत नाही. शंभर वर्षांत नाही पडत. ही पिवळी आहे, म्हणजे ही माझी नव्हे."

"खुणा बघा ना."

"बघितल्या. त्याही हुबेहूब उतरवल्यात." ते आईकडे न बघता बोलत होते. "हे माहितगाराचं काम आहे."

त्या खुणा वाचायला त्यांनी आजवर एकाच माणसाला शिकवलं होतं. आईने किल्ली टेबलावर ठेवली आणि ती घरी आली. संध्याकाळी वसईहून कुलूपवाला आला. भर जिन्यात बसून त्याने नवं कुलूप बसवलं, आणि वरखाली करणाऱ्या प्रत्येकाने "काय झालं हो?" म्हणून विचारलं. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आईकडे साड्या टाकणाऱ्या बायका परत नेताना साडी उलगडून बघू लागल्या. आपलीच आहे ना, बदललेली नाही ना! एकीने तर ती उजेडात धरून काठ चाचपले. आई खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिली. हळूहळू साड्या येणंच कमी झालं. वडील म्हणाले, आपण जाऊन भांडू. आई म्हणाली, "भांडले तर म्हणतील, मनाला लागलं म्हणजे खरंच असणार."

आणि माझं सांगायचं तर, एका दुपारी आई बाहेर गेलेली असताना मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि तिची जुनी ट्रंक उघडली. आत तिच्या लग्नातला शालू होता आणि माझी लहानपणीची झबली. मी झाकण लावत होते तेव्हा आई दारात उभी होती. "मिळालं का?" एवढंच तिने विचारलं. मी तिची माफी मागितली, पुष्कळ रडले. पण तो प्रश्न आजही माझ्या कानांतून जात नाही.

काकांना त्या सुमारास सगळंच पिवळं दिसू लागलं होतं. बिल्डिंगला नवा पांढरा रंग लागला तर ते कंत्राटदाराशी भांडले, की याने स्वस्तातला रंग मारला. दूधवाला दुधात काहीतरी घालतो म्हणाले. व्होल्टेज मुद्दाम कमी सोडतात म्हणाले. जग त्यांना फसवतंय अशी त्यांची खात्रीच होती, त्यामुळे यात त्यांना काही नवं वाटलं नाही. आम्हीही म्हटलं, म्हाताऱ्याचा संशय वाढलाय. स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यावा, हे त्या एवढ्या संशयी माणसाला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

शेवटी चष्मेवाल्याने चुकीच्या नंबरची काच घातली, याचा पुरावा मिळवायला ते चर्चच्या हॉलमधल्या नेत्रशिबिरात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काच बरोबर आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी मी कॉलेजला निघाले होते. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. काका टेबलाशी बसले होते. समोर एक बशी. ते एक डोळा हाताने झाकून बशीकडे बघत, मग तो उघडून दुसरा झाकत. पुन्हा पहिला. मी जिन्यात थांबले, माझी बस चुकली, तरी त्यांचं ते चालूच होतं.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात नव्या कुलपाची किल्ली. "वहिनी, बश्या माझ्याच आहेत," ते म्हणाले. "पांढऱ्या आहेत. डोळाच पिवळा झाला होता."

आईने किल्ली घेतली नाही. "आता दिसायला लागलं ते बरं झालं, काका. पण ज्या डोळ्यांना पांढरं-पिवळं कळत नव्हतं, त्यांना मी चोर आहे एवढं स्पष्ट कसं दिसलं?"

काका किल्ली मुठीत घेऊन परत फिरले. दुसऱ्या दिवसापासून ते बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारी गेले आणि "माझी चूक होती, वहिनींचा काही दोष नाही," असं सांगून आले. साड्या पुन्हा येऊ लागल्या. आई मात्र त्यांच्याशी बोलली नाही.

आणि मग त्यांनी दार बंद करणं सोडलं. बाजारात जाताना दार उघडं, देवळात जाताना उघडं. बिल्डिंगमध्ये म्हणू लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला वाटलं, हा सापळा आहे. कोण आत जातं ते बघायला हे खाली पेरूच्या झाडाआड उभे असतील. मी दोनदा गच्चीवरून वाकून पाहिलंसुद्धा. कुणी नव्हतं. आई त्या दारावरून सरळ समोर बघत जायची. असं वर्षभर चाललं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी समोरून खळकन आवाज आला. आई हातातली साडी टाकून धावली, मी तिच्या मागे. एक मांजर खिडकीतून उडी मारून पळालं. टेबलाखाली निळ्या नक्षीच्या दोन बश्यांचे तुकडे पसरले होते. आई गुडघ्यांवर बसून ते भराभर गोळा करू लागली, जणू काका यायच्या आत ते जोडून ठेवता आले असते. तेवढ्यात काका भाजीची पिशवी घेऊन दारात आले. उघडं घर, फुटलेल्या बश्या, आणि हातात तुकडे घेतलेली माझी आई.

"मांजर होतं," आई म्हणाली. इतका भेदरलेला तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "शपथ, काका. मी आत आले ते आवाज झाल्यावर."

काकांनी मांजर कुठून आलं ते विचारलं नाही. कोणत्या बश्या फुटल्या तेही बघितलं नाही. ते सरळ चालत आले. चपलेखाली एक तुकडा कचकन मोडला, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही. आईसमोर कष्टाने खाली बसले आणि म्हणाले, "हात बघू, वहिनी. लागलं का?"

आईने मूठ उघडून हात पुढे केला. काकांनी तो उजेडाकडे धरला आणि आपल्या धोतराच्या टोकाने रक्त पुसलं. आई हमसाहमशी रडू लागली. बोट तसं फारसं कापलंच नव्हतं.